पेस्ट, जॉइन आणि पसायदान

युनिक्सच्या जगात 'पेस्ट' नावाची एक छोटीशी कमांड आहे. फोनवर बोट दाबून धरल्यावर जे पेस्ट होतं, ते हे नव्हे. ही कमांड दोन फाइली घेते (वीसही घेईल), पहिलीची पहिली ओळ आणि दुसरीची पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवते, मधे एक टॅब टाकते आणि पुढच्या ओळीकडे वळते. एवढंच तिचं काम. ओळीत काय लिहिलंय ते ती बघत नाही. एका फाइलीत एसटीचं वेळापत्रक आणि दुसरीत कैरीच्या लोणच्याची कृती दिली, तरी ती मुकाट्याने नगर-पुणे गाडीशेजारी मोहरीची डाळ मांडून देते. एक फाइल आधी संपली, तर तिची जागा रिकामी सोडते आणि उरलेली फाइल शेवटपर्यंत छापते. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत की ती तुमच्याही खिशात येते.

या कमांडला मी दोन फाइली दिल्या. एकीत भगवद्गीता, एका ओळीत एक श्लोक, एकूण ७०० ओळी. दुसरीत ज्ञानेश्वरी, एका ओळीत एक ओवी. माझ्याकडच्या प्रतीत ९०३३ ओव्या आहेत. प्रत बदलली की हा आकडा थोडा पुढेमागे होतो. मिळणाऱ्या फाइलींमध्ये ओवी बहुतेक वेळा दोन ओळींत मोडलेली असते. तीही पेस्टनेच जोडता येते: फाइलींच्या नावांऐवजी दोन डॅश दिले की येणाऱ्या दोन-दोन ओळींची ती एक ओळ करते.

७०० आणि ९०३३ जुळणार नाहीत हे कळायला संगणक लागत नाही. मला बघायचं होतं ते कसे जुळत नाहीत, कुठे किती सुटतात. ज्ञानेश्वरीला आपण सवयीने 'गीतेवरची टीका' म्हणतो आणि पुढे जातो. 'वरची' या शब्दात एक मांडणी गृहीत आहे: खाली श्लोक, वर त्याचा अर्थ. ही मांडणी ग्रंथाला किती मानवते, याची पेस्टइतकी निर्विकार परीक्षा दुसरी नसेल. भाष्यकार काय म्हणतात, संप्रदाय काय मानतो, यातलं तिला काहीच ठाऊक नाही. तिला फक्त ओळी मोजता येतात.

डावीकडे पहिल्या ओळीत धृतराष्ट्र विचारतो, कुरुक्षेत्रावर काय झालं. उजवीकडे ज्ञानेश्वर ॐकाराला नमस्कार करत आहेत. डावीकडे दोन्हीकडच्या वीरांची यादी होते, शंख वाजतात, अर्जुनाचे हात कापू लागतात, सत्तेचाळिसाव्या ओळीत तो धनुष्य टाकून रथात बसतो. गीतेचा पहिला अध्याय संपला. उजवीकडे काय चाललंय? गणेश झाला, शारदा झाली, सद्गुरू झाले, आता महाभारताची थोरवी चालू आहे. युद्ध अजून सुरूच झालेलं नाही. पहिल्या श्लोकाला हात घालण्याआधी ज्ञानेश्वर ऐंशीहून अधिक ओव्या घेतात. ते धृतराष्ट्रापाशी पोचतात तेव्हा डावीकडचा कृष्ण दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर आला आहे. उजवीकडच्या अर्जुनाच्या हातून धनुष्य सुटतं, तेव्हा डावीकडे सहावा अध्याय आहे. आणि गीतेचा शेवटचा, सातशेवा श्लोक येऊन बसतो तो ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या पन्नासाव्या ओवीशेजारी.

त्यानंतर डावा रकाना कोरा. ८३३३ ओळी टॅबने सुरू होतात.

हा कोरेपणा मी बराच वेळ स्क्रोल करत राहिलो. नेवासा आमच्या जिल्ह्यात आहे, अहमदनगर म्हणा की आताचं अहिल्यानगर. प्रवरेकाठचं हे गाव. ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, त्याच्याभोवती आज मंदिर आहे. लोक त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. दुर्गा भागवतांनी त्यावर लेख लिहिला आणि त्या लेखावरून अख्ख्या पुस्तकाचं नाव 'पैस' ठेवलं. १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला. पैस म्हणजे ऐसपैसमधला पैस: मोकळी जागा, विस्तार. डावीकडच्या कोऱ्या रकान्याला मराठीत यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

पण हा पैस सगळीकडे सारखा नाही. अध्यायवार फाइली पाडल्या की ते दिसतं. दुसऱ्या अध्यायात ७२ श्लोकांना ३७५ ओव्या, म्हणजे श्लोकाला पाच-सव्वापाच. चौथ्यात ४२ला २२५, प्रमाण तेवढंच. पहिल्या पाच अध्यायांत ज्ञानेश्वर श्लोकामागे सरासरी पाच-सहा ओव्यांच्या चालीने जातात. सहाव्यात चाल दुप्पट पसरते. कारण साधं आहे: तिथे कुंडलिनी येते, आणि गीतेत कुंडलिनी हा शब्दच नाही. आसन घालून मन आवरावं असं सांगणाऱ्या थोड्या श्लोकांच्या फटीतून नाथपंथाचा पूर्ण योगमार्ग आत येतो. नवव्यात श्लोकामागे पंधरा-सोळा. पंधराव्यात वीसच श्लोक आणि सहाशेच्या घरात ओव्या, म्हणजे श्लोकाला तीस. तेरावा सगळ्यांवर कडी करतो: ३४ श्लोक आणि अकराशे सत्तरच्या आसपास ओव्या, म्हणजे श्लोकाला चौतीस.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगणारे पाच श्लोक आहेत. नुसती यादी. मान नको, दंभ नको, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, अशी नावं एकामागून एक. किराणा दुकानाच्या चिठ्ठीसारखी, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. त्या यादीतल्या 'अहिंसा' या एका शब्दासमोर ज्ञानेश्वर शंभराहून अधिक ओव्या ठेवतात. अहिंसेची व्याख्या करून ते थांबत नाहीत. आधी हिंसा करून पुण्य मिळवू पाहणाऱ्या मतांचा समाचार घेतात. मग अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, त्याचा हात कसा असतो, हे एकेक अवयव घेऊन दाखवतात. शब्दकोशात न मावणारी गोष्ट ते माणसाच्या पावलात दाखवतात. पेस्टच्या दृष्टीने मात्र हे एका ओळीचा पाव भाग आणि शंभरावर ओळी, एवढंच.

याहून विलक्षण जागा लगेच पुढे आहे. पाच श्लोक संपता संपता गीता जाता जाता म्हणते, की याहून वेगळं ते अज्ञान. श्लोकाचा जेमतेम एक चरण. व्याकरणाच्या दृष्टीने ती पुरवणी आहे. ज्ञानेश्वर तो चरण धरतात आणि अज्ञानी माणसाचं चित्र काढायला बसतात, शंभरावर ओव्या. लोकांनी मान द्यावा म्हणून झुरणारा, आपल्या विद्येचा डांगोरा पिटणारा, घरादाराच्या मोहात म्हातारपण विसरलेला. ही माणसं कुरुक्षेत्रावरची नाहीत. प्रवरेकाठच्या बाजारात, देवळाच्या ओट्यावर दिसतील अशी आहेत. मला तर ती रोज फोनवरही दिसतात. गीतेने जे सांगायचं टाळलं, तिथे ज्ञानेश्वर सगळ्यात जास्त बोलतात. माझ्या मते ग्रंथाचा नकाशा यावरून काढावा, आणि शाळेत मुलांना 'ज्ञानेश्वरी म्हणजे गीतेचा मराठी अनुवाद' असं एका वाक्यात सांगणं बंद करावं.

खुद्द ज्ञानेश्वरांनी शेजारी ठेवण्याच्या या खेळावर मत देऊन ठेवलं आहे. दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते म्हणतात, की मूळ संस्कृत आणि ही मराठी नीट वाचून अभिप्राय पटला, तर मूळ कुठलं ते ओळखू येणार नाही. सुंदर अंगावर दागिना घातला की कोण कुणाला शोभा देतं ते सांगता येत नाही, तसं. विशीसुद्धा न गाठलेल्या मुलाचा हा दावा आहे, आणि तो नम्रतेच्या भाषेत केलेला असल्यामुळे किती मोठा आहे ते पटकन लक्षात येत नाही. पण जुळणी कशाची, हे तिथे स्पष्ट आहे. अभिप्रायाची. ओळींचा तिथे उल्लेखही नाही.

आता आपल्या हातातल्या प्रतींकडे या. 'सार्थ' आवृत्त्या निघाल्या ही फार मोठी सोय झाली. त्या नसत्या तर तेराव्या शतकातली मराठी मला आणि तुम्हाला अडलीच असती, हे आधी मान्य करतो. छापील सार्थ प्रतीत ओवी, तिच्याखाली अर्थ, पुन्हा ओवी, पुन्हा अर्थ. पेस्टला मधली खूण म्हणून टॅबऐवजी 'नवी ओळ' दिली की अगदी हीच रचना मिळते: एक ओळ या फाइलीची, एक त्या फाइलीची. कागदावर निदान पान मोठं असतं, डोळा चार ओव्या एकदम घेतो. फोनच्या पडद्यावर दोन रकाने मावत नाहीत, म्हणून अ‍ॅपवाल्यांनी कार्डं केली. एक कार्ड, एक ओवी, एक अर्थ. डावीकडे सरकवा, पुढचं कार्ड.

इथे खरं नुकसान होतं, आणि ते वाक्यरचनेचं आहे. ज्ञानेश्वरांचं वाक्य एका ओवीत क्वचित संपतं. त्यांची लाडकी चाल म्हणजे 'जैसें' म्हणून एक दृष्टान्त, मग 'कां' किंवा 'नातरी' म्हणून दुसरा, तिसरा, चौथा, आणि बऱ्याच अंतराने 'तैसें'. तोवर मुख्य गोष्ट सांगितलेलीच नसते. ऐकणाऱ्याने चारही चित्रं डोक्यात धरून थांबायचं आणि 'तैसें' आलं की ती सगळी एकदम त्या गोष्टीवर उतरताना बघायची. हा ग्रंथ ऐकण्यासाठी आहे. समोर श्रोते बसले आहेत, मधे मधे ते दाद देतात, निवेदक त्यांची मनधरणी करतो. कार्डावर हे सगळं कापलं जातं. पहिल्या कार्डावर चंद्राविषयी काहीतरी, दुसऱ्यावर पाण्याविषयी, तिसऱ्यावर आईविषयी, आणि खाली प्रत्येकाचा 'अर्थ', जो स्वतंत्रपणे वाचला तर सुविचारासारखा वाटतो. मग त्यातलं एखादं कार्ड सकाळी सातला घरच्या ग्रुपवर येतं, गुलाबाच्या फुलासकट. फूल मी सहन करतो. पण 'तैसें' शिवाय आलेलं 'जैसें' म्हणजे अर्धवट तोडलेलं वाक्य आहे, आणि ते ज्ञानेश्वरांच्या नावावर फिरतं.

सप्ताहातल्या पारायणात हे होत नाही, हे नोंदवायला हवं. तिथे शंभर माणसं मांडी घालून एका सुरात अध्यायच्या अध्याय वाचतात. अनेकांना शब्दाशब्दाचा अर्थ लागत नसेल, पण वाक्याची लांबी त्यांच्या श्वासाला माहीत असते. अर्थाचं कार्ड वाचणाऱ्याला अर्थ मिळतो, लांबी मिळत नाही. दोघांत जास्त कोण वाचतं, यावर भांडायला मी तयार आहे.

पेस्ट आणखी एका कामासाठी वापरून बघितली: ज्ञानेश्वरीच्याच दोन संहिता शेजारी ठेवण्यासाठी. आपण आज जी प्रत सर्रास वाचतो तिच्या मागे एकनाथ आहेत. नेवाशाहून गोदावरीच्या काठाने खाली गेलं की पैठण, तिथल्या नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, तीन शतकांच्या नकलाकारांनी बिघडवलेला पाठ शुद्ध केला. दुसरी संहिता इतिहासाचार्य राजवाड्यांची. त्यांना मिळालेली पोथी नाथांच्या आधीची आहे असं मानून त्यांनी ती शके १८३१मध्ये (१९०९) छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. त्या पोथीच्या वयावर पुढे वाद झाले, ते इथे सोडून देतो. आपल्यापुरतं महत्त्वाचं एवढंच, की तिच्यात ओव्या कमी आहेत.

या दोन फाइलींना पेस्ट सुरुवातीला छान चालते. ओवीसमोर तीच ओवी, फरक फक्त एखाद्या प्रत्ययाचा किंवा अनुस्वाराचा. जुन्या रूपांची चव घेत खाली उतरावं. आणि मग एका प्रतीत नसलेली एक ओवी येते. त्या जागेपासून खालची प्रत्येक ओळ एका घराने सरकलेली. एकीतली पाचवी दुसरीतल्या सहावीशेजारी, आणि हे अध्याय संपेपर्यंत. (यासाठी 'डिफ' हे वेगळं हत्यार आहे, ते ओळ वगळली गेली हे ओळखतं; पण तो वेगळा लेख होईल.) नाथांनी ग्रंथशुद्धीच्या शेवटी एक बजावून ठेवलंय: ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. मी हे आजवर भक्तीच्या भाषेतलं वाक्य समजून ऐकत आलो होतो. सरकलेले रकाने समोर असताना ते एका संपादकाचं वाक्य म्हणून ऐकू येतं. हस्तलिखितं समोर मांडून ओवीला ओवी लावत बसलेल्या माणसाला, कुणीतरी हौसेने घुसडलेल्या एका ओळीने किती दिवस खाल्ले असतील!

एक तक्रार कमांडबद्दलही. मला रकान्यांच्या मधे टॅबऐवजी दंड हवा होता, ओवीच्या शेवटी असतो तो. पेस्टला मधली खूण सांगता येते. पण बऱ्याच यंत्रांवरची पेस्ट एक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून चालते, आणि युटीएफ-८मध्ये आपला दंड तीन बाइटांचा आहे. ती त्यातला पहिला बाइट घेऊन मधे बसवते आणि प्रत्येक ओळीत काळ्या चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह उगवतं. इंग्रजीच्या स्वल्पविरामाला हे कधी भोगावं लागत नाही. उपाय सोपा आहे, टॅब राहू द्यायचा आणि नंतर 'सेड'ने बदलायचा. पण साध्या दंडासाठी मागच्या दाराने जावं लागतं, हे लिहून ठेवावंसं वाटलं.

राहता राहिला 'जॉइन'. पेस्टचा हा शहाणा भाऊ. तो ओळी मोजत नाही, खूण बघतो. प्रत्येक श्लोकाच्या आधी '१३.०७' असा अध्याय-श्लोकाचा क्रमांक लिहायचा, प्रत्येक ओवीच्या आधी ती ज्या श्लोकावर आहे त्याचा क्रमांक लिहायचा (आकड्यांना शून्य लावून, नाहीतर दहावा अध्याय दुसऱ्याच्या आधी येतो), दोन्ही फाइली क्रमाने लावायच्या, आणि जॉइन प्रत्येक श्लोक त्याच्या सगळ्या ओव्यांशी जोडून देतो. अहिंसेच्या शंभर ओव्यांपुढे तोच श्लोक शंभर वेळा. रकाने भरलेले, कोरेपणा गायब. अभ्यासाची फाइल म्हणतात ती हीच, आणि डिजिटल आवृत्त्यांचे तक्ते बहुधा याच तत्त्वावर उभे असतात.

पण ज्या ओव्या कुठल्याच श्लोकावर नाहीत, त्यांचं काय? सुरुवातीच्या नमनावर कुठला क्रमांक लिहाल? दोन श्लोकांच्या मधे श्रोत्यांशी चाललेल्या गप्पांवर? आणि अठराव्या अध्यायात शेवटचा श्लोक होऊन गेल्यावर, गीता पूर्ण संपल्यावर, ज्या नऊ ओव्यांत ज्ञानेश्वर विश्वात्मक देवाकडे सगळ्यांसाठी दान मागतात, त्यांवर? डावीकडे त्यांची जोडी नाही. संपादकाने प्रामाणिकपणे क्रमांकाची जागा कोरी ठेवली, तर जॉइन आपल्या नेमाप्रमाणे वागतो: जोडी नसलेली ओळ छापायचीच नाही. इशारा नाही, चूक झाल्याचा निरोप नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत मुलं हात जोडून जे म्हणतात, ते पसायदान त्या नीटनेटक्या फाइलीत नसतं. आणि ते राहावं म्हणून संपादकाने त्यावर अठ्ठ्याहत्तराव्या श्लोकाचा क्रमांक चिकटवला, तर ते राहतं, पण संजयाच्या तोंडच्या विजयाच्या ग्वाहीवरची टीका म्हणून राहतं. काही तक्त्यांत मी ते तसं बघितलंय. मला त्यापेक्षा ते गाळलेलं परवडेल, निदान कुणीतरी विचारील तरी, कुठे गेलं म्हणून.

पेस्टने त्या नऊ ओळी जशाच्या तशा ठेवल्या होत्या. आधी टॅब, मग ओवी, डावीकडे काही नाही.

जॉइनलाही एक पर्याय देता येतो, डॅश-ए आणि फाइलीचा क्रमांक, की तो बिनजोडीच्या ओळीही छापतो. तो दिल्यावर काय होतं ते सांगून थांबतो. कोरी खूण क्रमवारीत सगळ्यांच्या आधी येते. त्यामुळे फाइलीच्या माथ्यावर ॐकाराचं नमन, मग मधल्या गप्पांच्या सगळ्या ओव्या एकापाठोपाठ, मग पसायदान, आणि त्यानंतर धृतराष्ट्र विचारतो, कुरुक्षेत्रावर काय झालं.